दोन खुणा

दुपारीच वेलेबिटने डोक्यावर पांढरी टोपी ओढली.
मामा सांगायचा, डोंगर टोपी घालतो तेव्हा
आपण गप्पा आवरायच्या.

पाच मीटर पाणी, खाली वाळू, मधेमधे गवत.
नांगर आधी गवतातच पडला,
बोथट विळ्यासारखा नुसता ओरखडत आला.
दुसऱ्या खेपेला त्याने धरलं.
पस्तीस मीटर साखळी सोडली,
मग डोंगराकडे पाहून उरलेलीही.

ल्युबोने फोनवर गजर लावला :
बोट सरकली की हा बोंबलेल.
बहिणीचा मुलगा आहे, काही बोललो नाही.
वारा समोरून येणार, म्हणून मी खुणा बाजूच्या धरल्या :
धक्क्याच्या टोकाचा हिरवा दिवा
आणि बरोब्बर त्याच्या मागे, चढावर,
एका घराची पिवळी खिडकी.
एकामागे एक आहेत, तोवर आपण जागच्या जागी.

एरवी रात्री इथे मतलई उतरतो,
मेंढ्यांचा आणि सेजच्या पानांचा वास घेऊन,
कपडेसुद्धा धड वाळवत नाही.
बुरा तशी वाहत नाही. ती पडते,
माळ्यावरून पोती लोटावीत तशी,
एक, आणि मग बराच वेळ काही नाही,
आणि त्या काही नाहीमध्ये
कपाटातल्या चमच्यांचाही आवाज नको होतो.
पाण्याचा धूर झाला. बोट डावीकडे धावली,
साखळीने कान धरून परत आणली,
उजवीकडे धावली.
खिडकी दिव्याच्या अलीकडे, पलीकडे,
पण दर वेळी परत.

पावणेदोनला खिडकी चालू लागली.

मी ओरडलो. इंजिन लावलं.
ल्युबो अनवाणी, हातात फोन; फोन गप्प.
पुढे रांगत जाऊन साखळीवर तळपाय टेकला :
नांगर घसरत असला तर तळाची खरखर
हाडातून गुडघ्यापर्यंत येते.
काही नव्हतं. ताठ, थंड, मुकी साखळी.
आणि खिडकी मात्र उतरत होती,
दगडी बांधामागे विझत, पुन्हा उगवत,
धक्क्यापर्यंत आली, तिथे वर उचलली गेली.
ल्युबोने टॉर्च हलवला.
ती थोडा वेळ तशीच थांबली,
मग चढ चढून आपल्या जागी जाऊन बसली.

तिसऱ्या दिवशी होडी वल्हवत किनारी गेलो.
मांदालिना. सत्तरीची, पुरुषी बूट,
अंगणातलं अंजीर मिठाने एका अंगाने करपलेलं.
चीज कापता कापता म्हणाली,
तुमच्या डोलकाठीवरचा दिवा
मी त्या फांदीच्या बेचक्यात धरून ठेवला होता.
जायचा, यायचा.
एकदा गेला तो लवकर आलाच नाही.
कंदील घेतला आणि उतरले.

इंजिनाचं मी तिला सांगितलं नाही.
ल्युबोने सांगितलं, हातवारे करून.
ती इतकी हसली की सुरी खाली ठेवावी लागली.

नांगर निघायला तास गेला.
एवढा खोल रुतला होता.