शून्य भाराचं डिझेल

जिंतूरच्या दवाखान्यामागं पत्र्याचं शेड,
साडेबासष्ट केव्हीएचा जनरेटर,
आणि उलट्या बादलीवर बसलेली मी, मांडीवर लॅपटॉप.
सॉफ्टवेअर चारच आकडे मागतं :
पाव भाराला किती पितो, अर्ध्याला, पाऊण, पुऱ्या.
कंपनीचा कागद घुशींनी नेलाय.

लिंबाजी घनसावंत काठी चिंधीनं पुसतात,
टाकीत सोडतात, वर काढून
ओल कुठवर आली ते अंगठ्यानं धरतात.
वेळूच्या कामटीवर चाकूच्या खाचा,
टोकांना विरळ, मध्ये दाट.
मी पट्टी लावली. म्हटलं, खाचा चुकल्यात,
सारख्या अंतरावर हव्यात.
त्यांनी टाकीच्या पोटावर थाप मारली :
“ही आडवी निजल्याली हाय ओ मॅडम.
मधात लई मावतं, बुडाला थोडं.”

मी पडद्यावरची चौकोनी टाकी पुसली, गोल घातली.
अडतीस लिटरचा फरक,
जो मी वहीत ‘चोरी?’ म्हणून लिहिला होता,
मिटला.
वहीतही खोडला. खाली शब्द वाचता येतोच.

मग रेषा काढली.
भार शून्यावर नेला तरी रेषा शून्याला येईना,
तासाला तीन लिटरवर अडून बसली.
“रिकामं चालायलं तरी प्यायलंच की,” लिंबाजी म्हणाले,
“त्याला सोताला बी फिरायचं ऱ्हातंय.”

नऊ मेची रात्र.
लाइन गेली दोन दहाला, आली पाच चाळीसला.
भार एक किलोवॉटसुद्धा नाही. डिझेल अकरा लिटर.
लाल चौकट : नोंद तपासा.
विचारलं.
“लशीचा फ्रीज. दार नीट लागत न्हाई त्याचं.”
काठीची चिंधी उगाच झटकली.
“आन् एक बल्ब. माह्यासाठी.”

नऊ वॅटचा.
त्याच्यापुरता हिशोब वेगळा मांडला :
तासाला दोन मिली.
खोकल्याच्या बाटलीचं टोपण असतं ना,
त्याचा तळ जेमतेम ओला होईल.
मला वाटलं ते हसतील.
त्यांनी काठी कोपऱ्यात उभी केली, खाचा भिंतीकडं करून.
“मंग तेवढं लिवू नका.”

सॉफ्टवेअर दोनच दशांश दाखवतं,
तेवढं तसंही दिसलं नसतं.
मी म्हटलं,
नाही लिहीत.