पाचवी प्रत

गणेशखिंडीत माझं बाइंडिंगचं दुकान, सात बाय नऊ.
वजदी ताइझचा, येमेनमधला.
सहा वर्षांत पुणेरी घासाघीस शिकला:
"काका, पाच प्रती आहेत, रेट बघा जरा."

प्रबंध विहिरींवर. त्याच्या गावच्या.
पाण्याची पातळी भाऊ फोनवर सांगायचा,
रेंज असेल त्या रात्री;
पान एकशेबारावर, तक्त्यात, तीन महिने कोरे आहेत.

मागे एकच पान अरबीत.
"हे शेवटचं ना?"
"आमच्या बाजूने उघडलं, तर पहिलं."

एक प्रत गाइडला, दोन विद्यापीठाला, एक त्याची.
पाचवी तिकडच्या लायब्ररीला, जिथे तो बीएस्सी झाला.
"आहे का ती अजून?"
"छप्पर नाही. लायब्रेरियन आहे.
पगार नाही, पण सकाळी येऊन कुलूप काढतो."

छप्पर नसलेल्या खोलीचं कुलूप.
मी खळ ढवळत राहिलो, जरा जास्तच वेळ.

पाचवीला जाड पुठ्ठा घातला, रेक्झिन दुहेरी,
कडा मेणाने घासल्या.
पावतीवर पाच प्रती, एकच भाव.
त्याने तरीही वीस रुपये कमी करून घेतले.