नळाचा वार

हांकोहून परत आलो त्याला अकरा दिवस झाले.
अशोक चौकात अजून विचारतात,
काय कोडम, काय पाहिलंस चीनमध्ये?
मशीन पाहिलं, म्हणतो. धोटाच नाही त्याला,
तरी मिनिटाला चारशे फेरे.
मालकानं त्यासाठीच पाठवलं होतं.

नदीचं सांगत नाही.

शेवटच्या दिवशी दुभाष्याला ताप आला, आणि
मी एकटाच उतरलो जुन्या धक्क्यावर.
वर कस्टमचा घड्याळाचा मनोरा, ताठ.
खाली पायऱ्या, मधोमध झिजून वाटीसारख्या झालेल्या;
चहाच्या पेट्या, कापसाच्या गासड्या
माणसांनी पाठीवरून चढवल्या होत्या इथून.
आणि समोर यांगत्से.
तिला पलीकडचा काठ होता, पण
सांगण्यापुरता.

भिंतीवर पुराची रेघ, वर्ष कोरलेलं.
हात वर केला, पोचला नाही.
आमच्याकडंही असतात रेघा,
गच्चीवरच्या टाकीत, आतून,
पाण्यानं खाली खाली जाताना ओढलेल्या.

एक म्हातारा बसला होता, हमालच असावा,
एक खांदा दुसऱ्यापेक्षा दोन बोटं खाली.
गळ्यात टॉवेल.
मला राहवलं नाही. कोपरा चिमटीत धरून पाहिला:
सोळाचं सूत, लूप सैल, किनार हातानं दुमडलेली.
तो हसला. माझ्या खांद्यावरचा ओढून
त्यानंही तसाच चिमटीत धरला,
उलटा केला, वास घेतला,
मान हलवली, जुनं गिऱ्हाईक हलवतं तशी.
मग परत दिलाच नाही.
स्वतःचा दिला.
नदीकडं बोट करून काहीतरी म्हणाला, एकच अक्षर.
मी म्हणालो, नीळ्ळु.
घरात आम्ही तेच म्हणतो.

आज पाचव्या दिवशी नळ आला, पहाटे सव्वातीनला.
अनसूयानं हंडे, बादल्या, कुकरसुद्धा भरला,
आणि उरलेल्या पाण्यात, मला न विचारता,
तो टॉवेल धुऊन टाकला.
पिळताना मोरीत पिवळट, गढूळ धार गेली.
मी म्हणालो, अगं, ते
ती म्हणाली, किती मळला होता.

आता वाळतोय, आमच्या सहा नगांच्या मधे, दोरीवर.
शेजारचे माग सुरू झालेत, खटाखट.
वाऱ्यानं हलला की
मी लांबूनच त्याचे लूप मोजू लागतो
आणि चुकतो.