रेघ की ठिपके

कॉलेज रोडला, तिसऱ्या मजल्यावर,
डॉक्टर भामरेबाई माझं डोकं
बिनशेती प्लॉटसारखं न्याहाळतात.
"पुढे ओसाड, मागे दाट.
मागचंच उचलून पुढे लावायचं.
नवीन काही उगवत नाही, हे आधीच सांगते."
बरं वाटलं.
तेल विकणारे असं बोलत नाहीत.

मग दोन तऱ्हा.

एक : या कानामागून त्या कानामागे
कातडीची पट्टी कापून घ्यायची,
कडा ओढून शिवून टाकायच्या,
पट्टी भिंगाखाली चिरत चिरत
मुळं सोडवायची.
मागे उरते एक रेघ.
केस बोटभर ठेवले तर कुणाच्या बापाला दिसत नाही.

दुसरी : मागचं सगळं भादरून
सुईहून थोडी जाड अशा नळीनं
एकेक मूळ उपसायचं, बावीसशे वेळा.
दोन दिवस पालथं पडून राहायचं.
टाका नाही, रेघ नाही.
पांढुरके ठिपके उरतात, विखुरलेले,
केस बारीक कापले तरी नजरेत न भरणारे.
पैसे मात्र जास्त.
(हे त्या खालच्या आवाजात सांगतात.)

"घाई नाही. कळवा."

अंबडच्या कारखान्यात रात्रपाळीला
मी शाफ्टवरची केसाएवढी चूक पकडतो.
केसाएवढी.
हसू येतं, आणि टोपी काढायची पाळी येते
तेव्हा जातं.

जेल रोडला घरी अण्णा जागे असतात.
एकतीस वर्षं प्रेसमध्ये, तिकीट छपाईत,
भोकं पाडायच्या मशीनवर.
त्यांना सगळं सांगितलं. न हसता ऐकलं.
मग म्हणाले,
"म्हणजे गायधनी की मी, असंच ना?
तो नोटांत होता. त्याच्या मालात धागा, एकच, सरळ.
माझ्या मालाला भोकं.
दोन्ही खरेच असतात.
उजेडात धरल्याशिवाय खोट कळत नाही."

आणि उजेडाचं नाव निघाल्यावर
आम्ही दोघंही गप्प झालो.

चार वर्षांपूर्वी आई गेली तेव्हा
रामकुंडावर न्हाव्यानं माझं डोकं पुढ्यात घेतलं,
कोमट पाणी चोळलं,
वस्तरा कपाळापासून मागे नेला
आणि सवयीनं म्हणाला, "येतील परत, काळजी नको."
मागचे आले.

हिशेब साधा आहे.
अण्णांना एकोणऐंशी.
मला पुन्हा त्या पायरीवर बसायचं आहे,
ऊन असेल, नातेवाईक मागे उभे असतील,
आणि वस्तरा फिरला की
या कानापासून त्या कानापर्यंत
माझी हौस सगळ्यांना वाचता येईल.

हे मी बोललो नाही.
पण चुकीचा ताव बाजूला काढण्यात
ज्यांचा जन्म गेला, त्यांना सांगावं लागत नाही.

"तू डोकं भादरायचं नाहीस," अण्णा म्हणाले.
"मी लिहून देतो."
"कशावर?"
"स्टॅम्प पेपरवर. कशावर म्हणजे काय?
आमच्याच प्रेसचा."
आणि उठून खरंच कपाट उघडलं,
विजेची बिलं, मेडिकलचे कागद, आईचं आधार कार्ड,
खालचा खण अडकला, तो हिसडला,
शंभरचा एक सापडला, कडा पिवळी पडलेली.

तो टेबलावर ठेवून माझ्यामागे आले.
अंगठा मानेवरून वर नेला,
उलट्या दिशेनं, सावकाश,
ताव मोजताना न्यायचे तसा.
"मागे भरपूर आहेत रे," म्हणाले.
"हे तुझ्या आईकडचे.
आमच्यात मागेही राहत नाहीत."

सकाळी पाळी सुटल्यावर
द्वारकेच्या सिग्नलला गाडी बाजूला घेऊन
फोन लावला.
दुसरी, म्हटलं. ठिपक्यांची.
"छान. बारीक केस ठेवायची आवड आहे का तुम्हाला?"
नाही, म्हटलं.
एकदाच ठेवायचे आहेत.
"कधी?"
हिरवा लागला. मागचे हॉर्न वाजवू लागले.
ते ठरलेलं नाही, म्हटलं,
तुम्ही तुमची तारीख द्या.