डावा खांदा

या, आत या. दार आधी लोटून घ्या,
नाहीतर हा बोरा माझे कागदी नमुने
थेट समुद्रात नेऊन टाकेल.
त्रिएस्तेत ऑक्टोबर कॅलेंडर बघून येत नाही,
कुणाची तरी टोपी उतारावरून घरंगळत गेली
की आला म्हणायचं.

उभे राहा असे. हात सैल.
पोट आत ओढू नका,
घरी जाऊन सोडणारच आहात,
आणि बटणाला खोटं बोलता येत नाही.

तर, शरदातला सूट.
म्हणजे उन्हाळ्यातलं सुळसुळीत कापड नको
आणि जानेवारीचं घोंगडंही नको.
हे फ्लॅनेल बघा. हाताच्या पाठीने बघा, तळव्याने नव्हे,
तळवा कशालाही भुलतो.
रंग भिजलेल्या चेस्टनटच्या सालीचा.
काळा नकोच. काळा तुम्हाला लवकरच पुष्कळ वेळा लागेल,
माझ्या वयाला आलात की.

शर्ट अंगालगत.
त्यावर वेस्टकोट, शेवटचं बटण उघडं.
का उघडं, ते माझ्या मास्तरांनाही ठाऊक नव्हतं,
विचारलं की ते तोंडात टाचण्या धरायचे.
त्यावर कोट.
नोव्हेंबर लागला की ओव्हरकोट, दोन बोटं सैल.
थराने थरावर रेलू नये,
मधे हवेला बसायला जागा हवी.
ऊब लोकरीची नसते, साहेब,
त्या मधल्या हवेची असते.

मफलरचं मला विचारू नका.
नेरीनाने विणलेला विटकरी मफलर
एकवीस वर्षं घालतोय मी,
कशावरच जात नाही तो.

थांबा. हलू नका.
तुमचा डावा खांदा बोटभर खाली आहे.
ओझी उचलता? नाही?
पडला होतात कधी?
नाव काय म्हणालात?

वात्तोवानी.

मागच्या फळीवरची वही काढतो मी,
पानं तेलकट, कडा उंदरांनी चाखलेल्या.
वात्तोवानी, ओरेस्ते. बंदरावरचे पायलट.
छाती, कंबर, बाही,
डावा खांदा बोटभर खाली.
आणि त्याखाली पेन्सिलने, माझ्याच अक्षरात:
आतून कापसाचा जादा थर. वाच्यता नको.

सात सूट शिवले मी त्यांचे.
दर शरदात कापूस थोडा वाढायचा.
धक्क्यावरचे लोक म्हणायचे,
वात्तोवानी म्हणजे ओळंबा लावून घडवलेला माणूस,
आणि मी इथे, या खिडकीशी,
चिमूटचिमूट भरत असायचो तो ओळंबा.

‘बाबा जेवतानाही कोट काढत नसत,’
मुलगा आरशातल्या मला सांगतो.
‘आईची चिडचिड व्हायची. जुलैमध्येसुद्धा.’

‘थंडी वाजत असेल,’ मी म्हणतो.
दुसरं काय म्हणू?
वही मिटतो. खडू शोधतो,
तो कानावरच असतो.

‘भरू का थोडा कापूस? कुणाला कळणार नाही.’

तो आरशाच्या जरा जवळ जातो,
मान आधी इकडे, मग तिकडे,
भिंतीवरचं चित्र सरळ आहे का बघतात तसा.
‘दिसतं का फार?’
‘बोटभर.’
‘मग राहू द्या बोटभर.’

खडूची रेघ मी डावीकडे उतरती ओढतो.
हात थरथरत नाही हल्ली, आज थोडा थरथरला.
वयाचं असेल. बोरा फटींतून येतोच.

मंगळवारी या, कच्च्या टाक्यांवर बघू.
आणि उतारावर दोर बांधलेत पालिकेने,
धरून जा.
डाव्या हाताने धरा,
तुमचा तो जवळ पडतो.