नऊ नंबरची पट्टी

कुइतोच्या पूर्वेला. इथे मक्याचं शेत होतं म्हणे.
आता लाल डोक्याच्या खुंट्या
आणि मीटरभर रुंदीची माती,
जिच्यावर मी गुडघे टेकून अकरा दिवस काढले.

सुरुंग दोनच निघाले.
बाकी माशांचे डबे, काडतुसांची टरफलं, सायकलची साखळी.
यंत्र सगळ्यांसाठी सारखंच किंचाळतं.
डब्यालाही मरणाइतकाच मान द्यायचा,
हे एर्मेलिंडानं शिकवलं.
माती अशी सरकवायची,
जशी झोपलेल्या बाळाखालची चादर.

पहिल्यांदा मला ती आवडली नव्हती.
बोलायची कमी, वाढदिवस विसरायची.
लुआंडाहून आलेल्या साहेबानं आम्हाला
डोळे मिटून एकमेकींच्या हातांवर पडायला लावलं,
भरवसा वाढतो म्हणून.
ती तेव्हा पाण्याच्या टाकीपाशी
आमच्या शिरस्त्राणांच्या काचा पुसत होती.

मग जूनमधली ती थंड, कोरडी सकाळ.
आम्ही सहा जणी रांगेत, आणि ती म्हणाली,
"पाचव्या पट्टीची खुंटी काल मी चुकीची रोवली.
हातभर आत.
आज तिथे कुणी जायचं नाही. मी जाते."
कुणाला कळलंही नसतं.
रेडिओवर साहेबाला हेच सांगताना
तिनं आवाज खाली केला नाही.
दोन दिवस ती एकटी वाकलेली.
त्या हातभर मातीत निघालं
शर्टाचं एक बटण.
ते तिनं खिशात ठेवलं.

त्यानंतर आम्हीही सांगू लागलो.
जुडिते म्हणाली, रात्री झोप नाही, हात कापतोय.
मी म्हणाले, दुपारनंतर मला आवाज नसतानाही आवाज येतो.
ती नुसती मान हलवायची
आणि सावलीत अजून एक खुर्ची मांडायची.

अकराव्या दिवशी माझी पट्टी संपली.
मी शेवटची खुंटी ठोकतेय, तोवर
तिनं जाकीट उतरवलं,
शिरस्त्राण फांदीला अडकवलं,
बूटही काढले,
आणि नऊ नंबरच्या पट्टीवरून अनवाणी निघाली,
बाजारातून रिकामी टोपली घेऊन परतणाऱ्या बाईसारखी.

माझ्या अकरा दिवसांवर
तिच्या टाचा एकेक करून पडत होत्या.
चौथ्या मीटरला तो डबा होता.
त्याच्याखाली मी पुन्हा पाहिलं होतं ना?
पाहिलं होतं.
पाहिलं होतं.
ती पाऊल टाकत होती.
पावलासोबत अजून काय टाकत होती,
ते मला चौथ्या मीटरला कळलं.

परत आली ती लंगडत.
"एक राहून गेला तुझ्याकडून,"
म्हणाली, आणि पाय पुढे केला.
टाचेत काटा.
मी गुडघे टेकले.