धडा

क्रॅनबेरी विकायला आलेला माणूस
काट्यापाशी नुसती बादली ठेवत नाही.
बादलीवर एक गोष्टही ठेवतो.
एकेचाळीस सप्टेंबर झाले,
गोष्ट माइमूचीच.

एस्टोनियाच्या या कोपऱ्यात दलदल गावापेक्षा मोठी.
मी बावीस वर्षांची असताना काट्यावर बसले.
पहिल्याच दिवशी शिकवलं :
आधी रिकाम्या भांड्याचा धडा कर,
मग माल तोल.
मापात पाप नको.

इल्मार, तेव्हाचा वनरक्षक, म्हणतो लष्कराचा ट्रक.
त्या आठवड्यात सराव चालू होता, कोवळी पोरं, दारू,
रस्त्यावर एक सहा वर्षांची मुलगी,
पुढचं विचारायची तेव्हा कोणाची छाती होती?
पटतं. पारडं खाली जातं.
मग मी धडा करते :
दलदलीवरच्या पायवाटेच्या फळ्या बदलणं इल्मारचं काम होतं
आणि त्या वर्षी त्याने त्या बदलल्या नव्हत्या.

लाइदा मास्तरीण आवाज खाली आणून बापाचं नाव घेते.
एंडेल प्यायचा, हात उचलायचा, हे खरं.
मिलिशियाने त्याला तीन दिवस बसवून ठेवलं, हेही खरं.
लग्नाआधी दोन उन्हाळे तो लाइदाच्या सायकलमागे असायचा.
हे वजा करायचं की नाही
मला अजून ठरवता येत नाही.

म्हातारा मिह्केल म्हणायचा, चकवा लागला.
कोट उलटा करून घातला असता तर वाट सापडली असती पोरीला.
मी हसले नाही.
तिथे उभं राहिलं की सगळ्या दिशा सारख्याच दिसतात,
त्याच खुरट्या पाइनच्या, त्याच काळ्या डबक्यांच्या.

एंडेल मरेपर्यंत सांगत राहिला :
ती रुळापर्यंत चालत गेली, कोणीतरी गाडीत घेतलं,
तिकडे कुठे प्स्कोवकडे तिची मुलं आता शाळेत जात असतील.
त्याच्या गोष्टीतून आशा वजा केली
तर काटा शून्यावर.
म्हणून मी ती कधी तोललीच नाही.

आता माझं.
बादली सापडली तेव्हा सरळ उभी होती,
शेवाळाच्या उंचवट्यावर, काठोकाठ भरलेली.
मिलिशियाचा माणूस ती माझ्याकडेच घेऊन आला,
गावात दुसरा काटा नव्हता.
बादली वजा जाता दोन किलो तीनशे.
त्याने आकडा लिहिला.
मी म्हटलं, साहेब, यात एक काडी नाही.
एक पान नाही, शेवाळाचा धागा नाही,
एकही अर्धी कच्ची बेरी नाही.
सहा वर्षांचे हात असं वेचत नाहीत.
तो म्हणाला, आकडा पुरे.

संध्याकाळी कोणी न्यायला आलं नाही
आणि त्या बेऱ्या मी इतरांच्यात ओतल्या.
सकाळच्या ट्रकने लेनिनग्राडला गेल्या.
कोणाच्या तरी मुरंब्यात.

कोणाची गोष्ट त्या बादलीला पुरत नाही.
ट्रक, बाप, चकवा, रूळ,
यातल्या कोणी बेऱ्या निवडल्या?

एकच साधा प्रश्न आहे, साल्मेला विचारायचा :
तू तुझ्यातल्या निवडून तिच्या बादलीत घातल्या होत्यास का,
लेक खूश व्हावी म्हणून?
हो म्हणाली, तर माझ्याकडे काही उरत नाही.
नाही म्हणाली,
तर त्या दुपारी तिथे आणखी दोन हात होते,
सवयीचे, सावकाश काम करणारे,
बहुतेक माझ्या काट्यावर दर वर्षी येणारे.

साल्मे त्यानंतर दलदलीत गेली नाही.
ती मशरूम आणते, कोरड्या रानातले.
कालही आली. बाकावर बसली, गुडघे चोळले,
म्हणाली यंदा थंडी लवकर येणार.
मी तोंड उघडलं.
एक किलो आठशे, म्हटलं.
टोपलीचा धडा केला का, तिने विचारलं.
केला, म्हटलं.
तिने पैसे न मोजता खिशात ठेवले.